पुरोहिताला जमीन नाही, मग तो श्रीमंत कसा झाला?

मित्रांनो, भटजीच्या दक्षिणेवर आपण नेहमी बोलतो. आज जरा दूर जाऊ. प्राचीन इस्राएलमध्ये पुरोहिताचं पोट कोण भरत होतं, आणि त्यातून आपण काय शिकायचं?

बायबलमधला नियम असा. इस्राएलचे बारा वंश, त्यातला लेवी हा धर्मसेवेचा वंश. त्याला इतरांसारखा जमिनीचा वाटा नाही. राहायला ४८ नगरं आणि भोवतीची कुरणं, एवढंच. जमिनीच्या बदल्यात बाकी समाजाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा लेव्यांना द्यायचा. लेव्यांनी त्यातला दहावा हिस्सा अहरोनाच्या वंशातल्या याजकांना द्यायचा. शिवाय बळीच्या मांसातला ठरलेला वाटा, होमबलीचं कातडं, पहिलं पीक, जनावराचं पहिलं पिल्लू. पहिला मुलगा झाला तर त्याला सोडवून घ्यायला ५ शेकेल चांदी. दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशात मात्र लेव्याबरोबर परका, अनाथ आणि विधवा यांचाही हक्क होता.

कागदावर हा नियम वाईट नाही. पुरोहिताने जमीनदार होऊ नये, समाजाने दिलेल्यावर जगावं. मग बिघडलं कुठे?

त्याच बायबलमध्ये एली याजकाच्या मुलांची गोष्ट आहे. शिलो इथल्या मंदिरात मांस शिजत असताना त्यांचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा आणि भांड्यातून निघेल ते उचलायचा. कच्चं मांस दे, नाही तर जबरदस्तीने घेऊ, अशी धमकीही द्यायचा. मीखा संदेष्ट्याने पैसे घेऊन शिकवणाऱ्या याजकांना झोडपलं. पुढे इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. त्याच्या काही वर्षं आधीची हकीकत इतिहासकार योसीफस सांगतो, आणि तो स्वतः याजक घराण्यातला. महायाजकांचे नोकर खळ्यावर जाऊन धान्याचा दशमांश बळाने उचलत, आणि गरीब याजक उपाशी मरत. म्हणजे लूट फक्त शेतकऱ्याची नव्हती. वरच्या याजकाने खालच्या याजकालाही लुटलं.

कारण सरळ आहे. वाट्याचं माप ठरलेलं होतं, पण पद जन्माने मिळत होतं. नालायक निघाला म्हणून समाज त्याला काढू शकत नव्हता. ज्याला काढता येत नाही, त्याच्यावर नियम चालत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नेमकं याच मुळावर बोट ठेवलं. पौरोहित्य बंद झालं तर उत्तमच. ते जमत नसेल तर निदान वंशपरंपरेने चालता कामा नये. परीक्षा घ्या, सरकारी सनद द्या, संख्या कायद्याने मर्यादित करा, त्याला सरकारचा नोकर करा आणि शिस्तभंगाची कारवाई त्यालाही लागू करा. दक्षिणा किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या जागेवर तू कोणत्या हक्काने बसलास, हे त्यांनी विचारलं.

आता तोच प्रश्न स्वतःला विचारू. जयंतीची वर्गणी, विहाराचं दान, संघटनेचा निधी हाही समाजाने पोटाला चिमटा काढून दिलेला वाटाच आहे. पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन मिळालंच पाहिजे, उपाशी पोटी चळवळ चालत नाही. पण अध्यक्षपद बापाकडून मुलाकडे जात असेल आणि हिशोब विचारणारा ‘फितूर’ ठरत असेल, तर एलीच्या मुलांचा तो काटा आपल्या हातात आलाय असं समजा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारलंच आहे की भिक्खू समाजसेवक असावा की फक्त स्वतःपुरता परिपूर्ण माणूस?

म्हणून या वर्षी आपापल्या मंडळात दोनच मागण्या करा. हिशोब फलकावर लावा आणि पदं निवडणुकीने भरा. भटजीला प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार त्यानेच टिकेल.

जय भीम!