अरवली स्टेटसवर, आपली टेकडी टिप्परमध्ये

डिसेंबर २०२५ आठवतोय? 'सेव्ह अरवली' तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या स्टेटसवर होतं. आजूबाजूच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून उंच असेल, तोच अरवलीचा डोंगर, अशी व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये स्वीकारली होती. लोक रस्त्यावर उतरले, तरुणांनी मोबाइल पेटवले आणि २९ डिसेंबरला न्यायालयाने आपल्याच त्या निर्णयाला स्थगिती दिली. चांगलंच झालं. पण राजेहो, एक विचारू का? हीच मोजपट्टी यवतमाळात आणली, तर आपल्या गावाभोवतीच्या किती टेकड्या पास होतील?

बहुतेक नापासच होतील. आपल्याकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरत उतरत येतात. लाव्ह्याचे थरावर थर साचून हा काळा दगड तयार झाला, त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. वय एवढं मोठं, पण उंची बेताची. म्हणून आपण त्यांना डोंगरही म्हणत नाही. टेकडी म्हणतो, नाहीतर सरळ 'पडीक'. आणि पडीक म्हटलं की पोकलेन लावायला कोणाची हरकत नसते.

शहराच्या कोणत्याही बाजूला गाडी काढा. नवं ले-आऊट पडलेलं दिसेल. प्लॉट, मुरमाचे रस्ते, कमान. तो मुरूम कुठून आला? काळ्या मातीवर घर बांधायचं तर भर टाकावीच लागते, आणि ती भर कुठल्या तरी टेकडीच्या पोटातून येते. आधी एका बाजूला खड्डा, मग कडा, मग एक दिवस टेकडीच नाही. फोटो काढायला जागा राहिली नाही एवढंच वाटतं आपल्याला.

पण हिशोब फोटोचा नाही, पाण्याचा आहे. आपला काळा दगड एकसंध असेल तर त्यात पाणी शिरत नाही. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. त्या थराचंच नाव मुरूम. पावसाळ्यात टेकडी ते पाणी पिते आणि नंतर हळूहळू पायथ्याच्या विहिरींना, नाल्यांना सोडते. म्हणजे टिप्परमध्ये नुसता मुरूम जात नाही, आपली टाकी जाते. खाली उरतो नागडा दगड. त्यावरून पाऊस धावतच सुटतो, सोबत गाळ घेऊन.

२०१८ चा उन्हाळा विसरलात? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. निळोणा आणि चापडोह तळाला गेले होते, नळाला पाणी यायला पंधरवडा उलटायचा, ड्रम घेऊन टँकरमागे धावणं हा घराघरातला कार्यक्रम होता. ती टंचाई मुरूम खोदल्याने आली असं मी म्हणत नाही, पाऊसच कमी होता. पण ज्या गावाने असे दिवस पाहिले, त्याने पाणी मुरण्याच्या जागा विकायला काढाव्यात?

तुम्ही म्हणाल, मग रस्ते करायचे नाहीत? घरं बांधायची नाहीत? करायची ना! नागपूर-तुळजापूर महामार्ग झाला म्हणून आपलं जाणं-येणं सोपं झालं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची वाट तर आपण कधीपासून पाहतोय. प्रश्न एवढाच की, मुरूम कोणत्या टेकडीचा, किती आणि कोणाला विचारून. मुरूम हे गौण खनिज आहे. परवानगीशिवाय काढला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद जमीन महसूल संहितेत आहे. एकास पाच किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर, म्हणजे पाच मीटर चाललात की एक मीटर चढलात अशा जागी, बांधकामाला राज्याच्या नियमावलीत मनाई आहे. पण आधी टेकडीच सपाट केली, तर उतार मोजायला उरतो कुठे?

राजस्थानात हेच झालं. पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ गायब झाल्याचं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं, तेव्हा न्यायमूर्तींनी विचारलं होतं की, माणसं हनुमान झाली का टेकड्या उचलून न्यायला? आपल्या टेकड्या तर कोणी मोजलेल्याच नाहीत. मग गायब झाल्या हे कळणार कसं?

म्हणून हे काम तुमचं. भूगोलवाल्यांनी जुन्या आणि नव्या उपग्रह नकाशांवर आपल्या भागातली एक टेकडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. सिव्हिलवाल्यांनी उतार मोजावा. वनस्पतीशास्त्रवाल्यांनी पळस, धावडा, मोईन, गवत, जे असेल ते लिहून काढावं. आणि कोणत्या गटातून किती मुरमाची परवानगी दिली, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. नियमाप्रमाणे तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मात्र रात्री खदानीवर एकट्याने व्हिडिओ काढायला जाऊ नका. कागद जास्त काम करतो.

अरवलीसाठी तुम्ही स्टेटस ठेवलंत, ते खरंच कामी आलं. पण आपल्या टेकडीसाठी दिल्लीत कोणी स्टेटस ठेवणार नाही. तिचं नावही त्यांना माहीत नाही.

तुम्हाला तरी माहीत आहे का?