भूत एकट्यालाच दिसते

कोणाचे डोके फिरल्यासारखे वाटले की मुंबईकर म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा." पुणेकर येरवड्याचे नाव घेतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेथे माणसे बरी होण्यासाठी जातात. पण आमच्या भयकथाकारांना विचाराल, तर तेथे केस पिंजारलेली, खदाखदा हसणारी, सुरा घेऊन धावणारी माणसेच राहतात! कथेत भीती उतरेना की आणला एक वेडा.

एडगर ॲलन पो आपला गुरू, असे ही मंडळी सांगतात. मग गुरूचे वाचले तरी काय? १८४३ साली छापलेल्या 'द टेल-टेल हार्ट' या कथेत एक जण म्हाताऱ्याचा खून करतो आणि प्रेत फळ्यांच्या जमिनीखाली दडवतो. पोलीस येतात, गप्पा मारीत बसतात. त्यांना काहीच ऐकू येत नाही. याला मात्र फळ्यांखालून काळजाचे ठोके ऐकू येतात, वाढतच जातात, आणि शेवटी तो आपणहून ओरडून खून कबूल करतो. डोके त्याचे आधीच बिघडलेले असेल. पण त्याला बोलायला लावते ते केलेले पाप. मॅकबेथचेही तेच. भर मेजवानीत मारलेल्या मित्राचे भूत दिसते ते त्याला एकट्याला. बाकीच्यांना रिकामे आसन दिसते. शि. म. परांजप्यांनी हे नाटक 'मानाजीराव' म्हणून १८९८ सालीच मराठीत आणले होते. म्हणजे धडा घरातच होता!

आमचे भूत मात्र साऱ्या वाड्याला दिसते, आणि येते ते बाहेरून. नारायण धारपांनी मलाही रात्र रात्र जागवले आहे. त्यांचे 'समर्थ' येऊन अमंगळाचा बीमोड करीत, तेव्हा मीही सुटकेचा श्वास टाकला आहे. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी तेवढा बीमोडच उचलला. मांत्रिक येतो, लिंबू कापतो, घर शुद्ध होते. थोरल्याने विधवा भावजयीची जमीन लिहून घेतली होती, त्याचे काय? ते कोणी विचारीत नाही. भुताबरोबर तेही उतरले!

"दिवाळीत पापाच्या गोष्टी कशाला, मास्तर? करमणूक हवी," असे एका संपादकांनी मला सुनावले. करमणूक खुशाल करा. भुताला माझी हरकत नाहीच. वेड्याला भूत करण्याला आहे.

डोंबिवलीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई काही महिने ठाण्याच्या त्या रुग्णालयात होती. हे मला ठाऊक होते, मुलांना नव्हते. वर्गात कोणी "ठाण्याला पाठवा" म्हटले, की सगळी मुले हसत, आणि हा बाकाखाली वाकून पडलेली पेन्सिल शोधू लागे.