चिठ्ठीची अट आणि आरोग्याचा हक्क

रायपूर–दुर्ग मार्गावरील कुम्हारीसारख्या औद्योगिक वस्तीत औषधाच्या एकाच दुकानात दोन गोळ्या विकल्या जातात. एक आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी. दुसरी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन. पहिली 2005 सालापासून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळते. दुसरीला चिठ्ठी लागते. स्त्रीने घ्यावयाची गोळी मोकळी आणि हृदयाचे रक्षण करणारी बंधनात, हा उलटा न्याय नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. तो तपासून पाहिला पाहिजे.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यावयाची असते आणि जितकी लवकर, तितकी ती अधिक गुणकारी. मात्रा एकच, तपासणीची गरज नाही. ती बीजमोचन लांबवते. गर्भपात घडवीत नाही. गरज निर्माण झाली हे त्या स्त्रीलाच सर्वांत आधी कळते. अशा वेळी चिठ्ठीची अट म्हणजे औषध नाकारणेच होय. उलट, वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे कोणतेही लक्षण माणसाला जाणवत नाही. रक्ततपासणी, रक्तदाब, मधुमेह, वय, धूम्रपान यांचा विचार करूनच स्टॅटिन द्यावयाचे की नाही हे ठरते. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. स्नायूंवर व यकृतावर होणाऱ्या परिणामांकडे लक्ष ठेवावे लागते. तेव्हा कायद्यातील हा भेद शास्त्राला धरून आहे.

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समित्यांनी डिसेंबर 2003 मध्ये 23 विरुद्ध 4 मतांनी ही गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीवाचून द्यावी असा कौल दिला. तरीही 2004 साली परवानगी नाकारण्यात आली. ती 2006 मध्ये केवळ प्रौढांसाठी आणि 2013 मध्ये सर्वांसाठी मिळाली. लोव्हास्टॅटिन चिठ्ठीवाचून विकण्याची मागणी 2005 साली फेटाळली गेली, ती मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार. एका बाबतीत शास्त्र मानले गेले, दुसऱ्या बाबतीत स्त्रीवरील अविश्वासाने शास्त्रावर मात केली.

भारतात वेगळेच घडले. गोळी मोकळी झाली आणि बाजाराच्या स्वाधीन झाली. 2007 मध्ये आलेली ‘आय-पिल’ जाहिरातींच्या जोरावर घरोघर पोहोचली. 2010 मध्ये हे एकच नाव 95 कोटी रुपयांना दुसऱ्या कंपनीने विकत घेतले. नित्याच्या गर्भनिरोधनाचे शिक्षण देणे हे मात्र कोणाच्याच नफ्याचे काम नव्हते. आणि सरकारचा भर? नोव्हेंबर 2014 मध्ये याच छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यातील पेंडारी येथे एका डॉक्टरने काही तासांत 83 स्त्रियांवर नसबंदीची शस्त्रक्रिया केली. त्या दिवसांतील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या 13 स्त्रिया प्राणास मुकल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2016 साली द्यावा लागला.

चिठ्ठीच्या अटीचेही असेच आहे. चिठ्ठी आवश्यक ठरविणाऱ्या राज्यसंस्थेवर डॉक्टर पुरविण्याची जबाबदारी येते. भिलाई पोलाद कारखान्याच्या कायम कामगाराला सेक्टर 9 मधील रुग्णालयाचे दार उघडे असते. ठेकेदारी कामगाराला ते तसे उघडे नसते. तपासणीसाठी रोजी बुडवावी लागणार असेल, तर ती टळते. आणि पहिली तपासणी हृदयविकाराच्या झटक्यानंतरच होते. हे दुःख नवे नाही. दल्ली राजहरा येथील ठेकेदारी खाणकामगारांनी म्हणूनच 1983 साली स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले.

सारांश, एका गोळीला चिठ्ठी नको आणि दुसरीला हवी, यात विसंगती नाही. विसंगती आहे ती मोकळीक बाजाराला आणि अट गरिबाला या व्यवहारात. आपत्कालीन गोळी प्रत्येक उपकेंद्रात मोफत व मानहानीवाचून मिळाली पाहिजे. रक्ततपासणी, डॉक्टर आणि स्टॅटिन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात उपलब्ध झाले पाहिजे. कामगार व महिला संघटनांनी या दोन मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. कारण त्या एकाच हक्काच्या दोन बाजू आहेत.