भरल्या कणगीत आणखी पायली

हायस्कुलातला बक्षीस समारंभ कसा असतो, हे आमच्या शेतकरी बंधूंना सांगावयास नको. पाहुणे येतात, हार पडतात, मग नावे पुकारतात. पहिला अमक्या दुकानदाराचा, दुसरा तमक्या कारकुनाचा, तिसरी आमच्याच एका मास्तरबंधूची कन्या. डहाणू-तलासरीकडचे वारल्याचे, दुबळ्याचे, धोडियाचे पोर मागे बसून टाळ्या वाजविते. टाळ्यांत मात्र त्याचा नंबर पहिला! ज्याच्या घरी पुस्तके, शिकवणी आणि शिकलेला बाप, त्यालाच वर बक्षीस. मग हे बक्षीस पोराच्या मेहनतीचे की बापाच्या ऐपतीचे?

दुखणे जुनेच आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले, त्यात याच जागी बोट ठेवले होते. चढाओढीची स्कॉलरशिप दिसायला न्यायाची, पण ज्यांना विद्येची गोडी आधीच लागली त्यांच्याच पदरात ती पडते. जेथे विद्या पोचली नाही त्या वर्गांसाठी काही राखा, खालच्या वर्गांच्या मुलांना सहामाही-वार्षिक बक्षिसे देऊन शाळेकडे ओढा, असे त्यांचे मागणे होते.

यावर काही विद्वान म्हणतात, विद्या विद्येसाठी घ्यावी, बक्षीस ही लाच आहे. वाहवा! महागाईभत्ता महिनाभर तुंबला तर ज्यांची झोप उडते (आम्ही मास्तरही त्यातलेच) त्यांनी हा उपदेश करावा! दिवाळी सरली की ज्याचे आईबाप वीटभट्टीवर जातात, ज्याचा थोरला भाऊ उचल घेऊन गुजरातच्या होडीवर खलाशी झाला, त्या नववीच्या पोराने वर्गात बसणे म्हणजे रोजची मजुरी सोडणे आहे. घरातून देणे चालूच आहे. परत काय येते, एवढेच आम्ही विचारतो.

सरकारने काहीच दिले नाही असे नव्हे. १९९२ पासून गरीब आदिवासी व मागास मुलींना पहिली ते चौथीपर्यंत हजेरीचा रोज १ रुपया ठरला. वाट बरोबर होती, पण पंचवीस वर्षांनीही रुपयाचा रुपयाच! २००८ साली केंद्राने नववीत आलेल्या आदिवासी व दलित मुलींच्या नावे ३००० रुपयांची ठेव ठेवायचे ठरविले. हातात केव्हा? दहावी पास झाल्यावर, आणि वयाची १८ वर्षे भरल्यावर. आज उपाशी असलेल्या बैलाला पुढच्या सुगीचा पेंढा दाखविल्यासारखे झाले.

अमेरिकेत रोलंड फ्रायर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने हे पैसे देऊन पाहिले आणि २०११ साली निकाल छापला. शिकागोत नववीच्या मुलांना चांगल्या श्रेणीबद्दल पैसे दिले, पण परीक्षेतले गुण काही वाढले नाहीत. डलासमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे २ डॉलर दिले, तेथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्यांचे वाचन सुधारले. स्पॅनिशमधून देणाऱ्यांना मात्र लाभ झाला नाही. घरी वारली आणि वर्गात पुस्तकी मराठी, अशा आमच्या पोरांच्या मास्तरांनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे.

असे का व्हावे? बीजगणितात अकरा गुण पडलेल्या पोराला आम्ही विचारतो, बाबा, गुण कसे वाढवशील? तो म्हणतो, "गुरुजी, जास्त अभ्यास करीन." कसला अभ्यास, म्हटले की खाली मान. चौथीत अपूर्णांक शिकविले तेव्हा तो भट्टीवर होता, हे त्यालाही आठवत नाही. त्याच्यापुढे मोठी नोट नाचविली तरी त्याने करायचे काय? जे त्याच्या हातात आहे त्यावर बक्षीस ठेवा, लगेच द्या, आणि राहिलेले शिकवायला मास्तर जवळ बसवा. नुसती नोट गणित शिकवीत नाही.

तेव्हा गावकरी हो, येत्या १५ ऑगस्टच्या बक्षिसांना वर्गणी द्याल ती अट घालून द्या. पहिले बक्षीस भट्टीवरून परतून पुन्हा बाकावर बसलेल्या मुलीला. दुसरे, चौथीचे अपूर्णांक नववीत, न लाजता पुरे करणाऱ्याला. हेडमास्तर म्हणतील, याचे नाव तर नापासांच्या यादीत आहे. असू द्या. त्याच यादीतून वाचा म्हणावे.