दूरदृष्टी

दूरदृष्टी हा शब्द आपल्या वाडवडिलांनी थोरामोठ्यांसाठी राखून ठेवला होता. आता डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने मुंबईला निघालेल्या कोणाही गृहस्थाला ती इंटरनेटच्या मासिक बिलात मिळते. दिवा स्टेशन येईपर्यंत त्याने खिशातल्या फोनवर सोसायटीचा जिना, फाटक आणि गच्चीवरची टाकी पाहून घेतलेली असते. टाकी भरलेली दिसली, की तो चौथ्या सीटसाठी भांडायला मोकळा!

हे दिसते कसे, ते थोडे सांगतो. सोसायटीच्या कचेरीतल्या संगणकावर एक प्रणाली बसवलेली असते. ती कॅमेरे, राऊटर, पंप यांना घडोघडी “आहेस का रे?” असे विचारते आणि मिळालेली उत्तरे एका वेबपानावर मांडते. हे पान आरंभी १२७.०.०.१ या पत्त्यावर असते. या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’. जो त्या संगणकापुढे बसेल, त्यालाच ते दिसणार. मग चिटणीसांना ते आपल्या घरातून हवे असते, म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता देतात. हे पत्ते चाळीतल्या खोल्यांसारखे. ‘खोली नंबर तीन’ प्रत्येक चाळीत असते, आणि नुसते तेवढेच लिहिलेले पत्र पोस्टमनला पोचवता येत नाही. अखेर कोणाला तरी ते फोर्टातल्या ऑफिसातून किंवा पुण्याहून पाहायचे असते. तेव्हा राऊटरमध्ये बाहेरच्या जगासाठी एक दरवाजा उघडला जातो.

असे दरवाजे ६५,५३५ असतात; जाणते लोक त्यांना पोर्ट म्हणतात. ८० नंबरचा उघड्या बोलण्याचा, ४४३ नंबरचा कुलूपबंद बोलण्याचा. पहिल्यातून धाडलेला परवलीचा शब्द म्हणजे पोस्टकार्डावर लिहिलेले गुपित. आमच्याकडे आलेल्या कारागिराने ८० सोडून ८०८० उघडला आणि “आता कोणाला पत्ता लागणार नाही” असे सांगून चहा घेतला. त्याचा आत्मविश्वास मला फार आवडला. परंतु जगभरची दारे ठोठावत फिरणे हा काही यंत्रांचा अहोरात्र चालणारा उद्योग आहे. शोदान नावाचे शोधयंत्र तर २००९ पासून अशा उघड्या दारांची यादीच बाळगून आहे.

२०१६ साली मिराई नावाच्या किडीने असेच घरोघरचे कॅमेरे आणि राऊटर पछाडले. युक्ती अगदी बाळबोध! कारखान्यातून यंत्राबरोबर येणारी नावे आणि परवलीचे शब्द, अशा साठेक जोड्या ती एकामागून एक लावून पाही. २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांच्या झुंडीने डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास अडखळले. पुढे २०१७ च्या डिसेंबरात जे तीन कर्ते पुढे आले, ती विशीतली पोरे निघाली.

हे अमेरिकेतले झाले. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा आणि पडघे यांमधल्या वाहिन्या बंद पडल्या होत्या. राज्यभरच्या विजेवर ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्रातून नजर ठेवतात, तीही दुरूनच. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला; केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती माणसाची चूक असल्याचे सांगितले. माझ्या मनात राहिला तो प्रश्न: बाहेरचा कोणी आत शिरला होता का? मंत्र्यांना तो विचारतात, मग सोसायटीच्या चिटणीसांना का विचारू नये?

आमच्याकडे तो विचारला दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्या एकट्या राहतात आणि त्यांचे दार नेमके कॅमेऱ्यात येते. त्या देवळात केव्हा जातात, दाराला कुलूप किती वेळ असते, हे पान उघडणाऱ्याला घरबसल्या कळावे! “प्रोफेसर, ते कोण कोण बघतं हो?” एवढेच त्यांनी सभेत विचारले. यादी करायला घेतली, तेव्हा चिटणीस, खजिनदार, दोन वर्षांपूर्वी बदलापूरला राहायला गेलेले माजी चिटणीस आणि तो कारागीर, एवढी नावे निघाली. सर्वांचा परवलीचा शब्द एकच: सोसायटीचे नाव आणि पुढे १२३. खजिनदारांचे म्हणणे, आपल्या जिन्यात चोराने पाहण्यासारखे आहे काय? आजी काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलण्याची गरजही नव्हती.

मग राऊटरचा दरवाजा बंद केला. आता बाहेरून पाहणाऱ्याने आधी व्हीपीएन नावाच्या बोगद्यातून आत यायचे आणि मगच पान उघडायचे. पारसिकच्या बोगद्यात शिरलेल्या गाडीत मधेच कोणाला चढता येत नाही, तसे हे. पानाला ४४३ चे कुलूप लावले. ज्याला त्याला वेगळे नाव दिले, तेही नुसते पाहण्यापुरते. बदल करण्याचा अधिकार एकट्या चिटणीसांना. बदलापूरकरांचे आणि कारागिराचे नाव खोडले. खजिनदार अजून कुरकुरतात, की यात अर्धा मिनिट जातो.

कॅमेराही दोन बोटे जिन्याकडे वळवला. आजी कचेरीत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि पडद्यावर आपले दार दिसत नाही ना, ते त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहून घेतले.