पैसा सर्वांचा, मग किल्ली मूठभरांची का?



काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. नातीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून आजोबांच्या तेरवीला समाजाचं सभागृह मिळालं नाही. वरून पाऊस, अंगणात चिखल, पाहुणे ओसरीत दाटीवाटीने उभे आणि किल्ली समितीच्या खिशात. ज्या म्हाताऱ्याने त्या सभागृहासाठी वर्गणी दिली होती, त्याच्याच तेरवीला सभागृहाचं दार बंद राहिलं. हे वाईट झालं, असं सगळेच म्हणतात. म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. आमचा रोख त्या रीतीवर आहे, जिने हे कुलूप घडवलं: बांधकाम सरकारी पैशातून, पाटी जातीची आणि किल्ली मूठभरांची.

ही रीत कशी चालते ते नीट पाहा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी मिळतात, खासदारालाही 5 कोटी. खासदार निधीच्या नियमांत प्रार्थनास्थळाच्या आत काम करायला मनाई आहे. पैसा सार्वजनिक उपयोगाच्या कामालाच द्यायचा असतो. मग कागदावर 'सांस्कृतिक भवन' लिहिलं जातं, मंजुरी येते, स्लॅब पडतो आणि उद्घाटनाच्या दिवशी दारावर समाजाचं नाव झळकतं. पुढच्या निवडणुकीआधी दुसरा समाज तेच मागतो, त्यालाही मिळतं. देणाऱ्याला गठ्ठा मतं मिळतात, समितीला किल्ली मिळते. पोरांच्या अभ्यासिकेसाठी मात्र कुणी अडून बसत नाही, कारण अभ्यासिकेला जात नसते आणि तिच्यामागे गठ्ठा नसतो.

"आमच्या समाजाने वर्गणी केली," असं सांगतात. केली असेल. मग हिशोब गावासमोर वाचा: वर्गणी किती, सरकारचे किती. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर हिशोब तपासून घेणं तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तो उघड करायला लाज कसली? आणि संविधानाचं कलम 15 (2) वाचा. ज्या सार्वजनिक जागेचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून चालतो, तिथे केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला अडवता येत नाही. 'अंशतः' म्हटलं आहे. चार आणे सरकारचे असले तरी पुरे.

"समाजाला शिस्त नको का?" हा प्रश्न सर्वांत संतापजनक. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी वरातीत बाटल्या फुटतात तेव्हा ही शिस्त कुठे जाते? त्याच सभागृहात हुंड्याचे आकडे ठरतात तेव्हा समिती पंगतीत बसलेली असते. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या 6 जिल्ह्यांना मिळालं, त्यांत आपला जिल्हा होता. आत्महत्या झालेल्या घरांच्या दारात किती समित्या पोरांची फी घेऊन गेल्या? समाज फक्त पोरीच्या लग्नावर जागा होत असेल, तर तो समाज नव्हे, पहारा आहे.

आणि ही शिस्त गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कार रोखणारा 2016 चा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरीकडे हेच सरकार अटींत बसणाऱ्या आंतरजातीय जोडप्याला 50,000 रुपये देतं. सरकार ज्या लग्नाला मदत करतं, त्याच लग्नाची शिक्षा सरकारी पैशाच्या सभागृहात दिली जाते. हे आपण किती दिवस खपवून घ्यायचं?

"गावाची बदनामी होते," असंही ऐकू येतं. बदनामी कुलूप लावणाऱ्याने केली. बोलणाऱ्याने केलेली नाही. नावलौकिकाचीच काळजी असेल तर आपल्या जिल्ह्याची पुण्याई आठवा. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं केलं. ते त्यांच्या घराण्याचं मंदिर होतं, सरकारचा पैसा त्यात नव्हता. तरी त्यांनी दार उघडलं. सेवाग्रामच्या गांधीजींनी अखेरच्या वर्षांत ठरवलं होतं की वधू-वरांपैकी एक जण दलित असेल, त्याच लग्नाला आशीर्वाद द्यायचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या गावागावांत सर्वांना एका सतरंजीवर बसवून सामुदायिक प्रार्थना म्हणायला लावली. त्यांच्या तसबिरीला हार घालायचा आणि तिच्याच खाली बसून कुणाच्या तेरवीला जागा नाकारायची, हा ढोंगीपणा आता बंद झाला पाहिजे.

"आमच्याच समाजाला का बोलता?" आम्ही कुणा एकाला बोलत नाही. देवळाचं सभागृह असो, विहाराचं असो वा शादीखाना. सरकारी पैसा लागला असेल तर नियम एकच.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव मांडत आहोत: सरकारी पैसा लागलेल्या प्रत्येक सभागृहाची नोंद ग्रामपंचायतीत उघड असावी, भाडं सर्वांना सारखं आणि दारावर लिहिलेलं असावं, किल्ली ग्रामपंचायतीत राहावी, खर्चाचा हिशोब वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचला जावा. बायाबापड्यांसह या. हात वर करा. आणि जो विरोध करेल त्याला उभं राहून, नाव सांगून, सर्वांसमोर करू द्या.

— वडनेर परिसरातील काही नागरिक