खाडा

दिवाळीच्या फराळाचे पहिले काम म्हणजे चकलीची भाजणी. गेल्या वर्षी आमच्या पोळ्यांच्या बाई ती भाजून देत होत्या आणि मी शेजारी शंकरपाळ्यांचे पीठ मळीत होते. कढईतली नजर न काढता बाई म्हणाल्या, "वहिनी, इथं एक गाठ आलीय." आणि पदराआडून त्यांनी हात छातीकडे नेला.

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून असेल. दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

तिथेच तर सारे फसते! ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखली असती तर कितीतरी बायका वेळेवर डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या असत्या.

त्याच वर्षी गणपतीत माझ्या धाकट्या नणंदेच्या हाताला अशीच गाठ लागली होती. सोमवारी फोटो, बुधवारी सुईने तुकडा काढून तपासणी, आणि पितृपक्ष असूनही कुणी न थांबता शस्त्रक्रिया. पैसे विमा कंपनीने भरले, कचेरीने पगारी रजा दिली. 'वेळेवर कळलं हो!' म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली.

"मग तुम्ही दवाखान्यात का नाही गेलात?" मी बाईंना जरा रागानेच विचारले.

"गेले होते की! शिमगा झाल्यावर, दोन दिवस. पहिल्या दिवशी नंबरच लागला नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी दिली, तपासणी दुसरीकडे, आणखी एका दिवशी. चार घरं आहेत वहिनी, खाडे किती करायचे?"

रात्री मी स्वयंपाकघरातले कॅलेंडर मागे उलटले. मार्चच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी दोन तारखांना गोल होता. 'बाई नाहीत.' आणि महिनाअखेरीस, 'दोन दिवसांचे वजा.' अक्षर माझेच.

पाडवा झाल्यावर मी त्यांच्याबरोबर परळला टाटा रुग्णालयात गेले. १९४१ पासून ते उभे आहे आणि साऱ्या देशातून माणसे तिथे येतात. समोरच्या फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे बसली होती. जवळच दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, पण येणारी माणसे किती आणि खोल्या किती! रेल्वे रोग्याला स्लीपरने फुकट आणते. आणल्यावर राहायचे कुठे, जेवायचे काय आणि गावाकडची मजुरी बुडते तिचे काय, ते तिकिटावर लिहिलेले नसते.

औषधांच्या किमतीला निदान कुणी जाब तरी विचारतो. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या एका औषधाला महिन्याला २,८०,००० रुपये पडत. २०१२ साली सरकारने एका भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, आणि तेच औषध ८,८८० रुपयांना ठरले. बाईंच्या शस्त्रक्रियेचे पैसेही फुले जन आरोग्य योजनेतून मिळाले. (त्यासाठी रेशनकार्ड गावाहून मागवावे लागले; त्यात आठ दिवस गेले, ते सोडा.) पण या योजनेत खाडा धरलेला नाही. औषधाच्या सलाइनला दर तीन आठवड्यांनी एक दिवस, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. मग शस्त्रक्रिया. मग किरणांचे उपचार, आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे.

मी बाकीच्या तीन घरी जाऊन आले. पगार चालू ठेवा, पोळ्या आपण लाटू, एवढेच सांगायचे होते. दोघींनी लगेच होकार दिला. त्यांतल्या एकीने तर सकाळचा डबाही द्यायला सुरुवात केली. तिसरीने चहा दिला, बाईंची फार चौकशी केली, आणि म्हणाली, "आमच्याकडे सासूबाई आहेत हो, जमायचं नाही." तिला नावे ठेवायला माझे तोंड कुठे होते?

यंदा भाजणी मीच भाजली. बाई स्टुलावर बसून सांगत होत्या, "गॅस बारीक करा, वहिनी. डाळ लाल होतेय." त्यांचे केस आता बोटभर वाढले आहेत. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. त्या चौथ्या घरी मात्र दुसऱ्या बाई लागल्या आहेत.